उरलेल्या चांदीचे चित्र

स्टाफरूमच्या खिडकीशी उभे राहून आमच्या मराठीच्या मॅडमनी ती स्लाइड आधी डोळ्यांजवळ धरली, मग लांब धरली, मग एक डोळा मिटून पुन्हा जवळ आणली. कॉलेजच्या व्हरांड्यात खांबाला टेकून त्या पेपर तपासत बसल्या होत्या, तेव्हा मी तो फोटो काढला होता. काठापदराच्या साडीची किनार, चष्म्याच्या काचेवरचा उजेडाचा ठिपका आणि मांडीवरचा उत्तरपत्रिकांचा गठ्ठा हे सगळे त्या इंचभर चौकटीत आले होते. "छान आलाय गं," त्या म्हणाल्या, "दोन कॉप्या काढून दे. एक आईला पाठवते." मी सांगितले की याची कॉपी निघत नाही, कॅमेऱ्यात जी फिल्म होती तीच ही, मागे निगेटिव्ह वगैरे काही नाही. त्यांनी स्लाइड खाली घेतली आणि कसलीही खोच नसलेल्या, अगदी सरळ स्वरात विचारले, "मग काढलास कशाला?" तेवढ्यात तासाची घंटा झाली, त्या खडू-डस्टर घेऊन निघून गेल्या, आणि मी त्या प्रश्नासह प्रयोगशाळेकडे वळले. अकरावीची मुले त्या दिवशी क्षारांचे परीक्षण करत होती. परीक्षानळीत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब पडले की पांढरा साका तयार होत होता आणि मी प्रत्येक टेबलापाशी "बरोबर, क्लोराइड" असे म्हणत पुढे जात होते. डोक्यात मात्र तो प्रश्नच फिरत होता.

कॉपी निघत नाही, हे अर्थात काटेकोरपणे खरे नाही. स्लाइड स्कॅन करता येते, दुसऱ्या फिल्मवर तिचा फोटो घेता येतो; मॅडमनी तर संध्याकाळी माझ्यासमोरच ती ट्यूबलाइटपुढे धरून मोबाइलवर तिचा फोटो काढला आणि आईला पाठवूनही दिला. त्यात ट्यूबलाइटची पट्टी आणि त्यांचा स्वतःचा अंगठा आला होता, पण आईला तो आवडला. म्हणजे प्रश्न मिटला होता. मला राहून राहून वाटत होते ते एवढेच की ज्या गोष्टीसाठी मी हिवाळाभर न्हाणीघर अडवून बसते, ती गोष्ट त्या अंगठ्यासह गेलेल्या चित्रात नव्हती, आणि ती नेमकी कोणती हे मला कुणाला दोन वाक्यांत सांगता येत नव्हते.

माझ्या पिढीला स्लाइड माहीत झाली ती टॉकीजमध्ये. मध्यंतरात पडद्यावर सराफ, कापड दुकान, सायकल मार्ट यांच्या हाताने रंगवलेल्या काचेच्या जाहिराती येत, त्यांतली एखादी तिरकी बसलेली असे आणि मग वरच्या झरोक्यातून एक काळी बोटभर सावली येऊन ती सरळ करत असे. मोठ्यांना त्या वेळी चहा हवा असे, मला ती सावली हवी असे. छापलेला फोटो आपण बाहेरून पडणाऱ्या उजेडात पाहतो. कागद कितीही पांढरा असला तरी तो खोलीइतकाच उजळ. स्लाइडमधून उजेड आरपार येतो. चांगल्या काळ्या-पांढऱ्या स्लाइडमध्ये जिथे पांढरे असते तिथे फिल्मवर अक्षरशः काही नसते, आणि भिंतीवर पडतो तो दिव्याचा निव्वळ प्रकाश. म्हणूनच त्या पांढऱ्याकडे पाहताना डोळे किंचित मिटतात, आणि त्याच्या शेजारचे काळे छापील काळ्याहून कितीतरी खोल वाटते. हे मोबाइलच्या पडद्यावर दिसत नाही असे नाही, पण अंधाऱ्या खोलीत, पंख्याच्या वाऱ्याने हलणाऱ्या पांढऱ्या चादरीवर, प्रोजेक्टरच्या दिव्यावर जळणाऱ्या धुळीच्या वासासह ते पाहणे हा वेगळा प्रकार आहे, आणि मला तो आवडतो.

आता हे चित्र तयार कसे होते, ते सांगायलाच हवे, कारण माझे सगळे म्हणणे त्या घडणीत आहे. नेहमीची निगेटिव्ह धुताना जिथे उजेड पडला तिथे चांदीचे काळे कण तयार होतात आणि बाकीचे हायपोत, म्हणजे चित्र पक्के करणाऱ्या द्रावणात, विरघळून जाते. म्हणून पांढरा सदरा निगेटिव्हमध्ये काळा दिसतो. स्लाइडसाठी सुरुवात अगदी हीच असते, फक्त पहिला डेव्हलपर, म्हणजे चांदी काळी करून चित्र उमटवणारे द्रावण, जास्त कडक लागतो. कोडॅकच्या जुन्या डी-१९ या सूत्रात लिटरमागे २ ग्रॅम सोडियम थायोसायनेट मिसळले की त्याचे डी-६७ होते, आणि मी तेच वापरते. थायोसायनेट कमी पडले तर पांढऱ्यावर राखाडी पडदा राहतो, जास्त झाले तर काळे पातळ होते. फिल्म त्यात जास्त वेळ राहिली तर शेवटचे चित्र गडद न होता फिकट होते, आणि निगेटिव्हवर हात बसलेल्या माणसाला ही उलटी गणिते पचायला वेळ लागतो. हा डेव्हलपर झाला की हायपो घालायचा नाही. तिथून पुढे वाट बदलते: जी चांदी तयार झाली ती सगळी ब्लीचमध्ये विरघळवून टाकायची आणि ज्या भागाला उजेड लागलाच नव्हता, जो अजून तसाच कोरा पडून आहे, त्यातून चित्र उभे करायचे.

हे ब्लीच म्हणजे पोटॅशियम परमँगनेट आणि गंधकाम्ल. गावाकडे आजोबांच्या मळ्यातल्या विहिरीत पावसाळ्यानंतर परमँगनेट टाकत, तेव्हा पोहऱ्यातून वर येणाऱ्या जांभळ्या पाण्याचा मला फार हेवा वाटे, आणि आज तेच जांभळे पाणी माझ्या मोजपात्रात असते. गंधकाम्लासाठी मी बॅटरीवाल्याकडे जाते. बॅटरीत घालायचे ॲसिड म्हणजे पाण्यात मिसळलेले गंधकाम्लच, आणि डिस्टिल्ड वॉटरही त्याच दुकानात मिळते. "मॅडम, तुमच्याकडे गाडी तर स्कूटी आहे, एवढं ॲसिड कशाला लागतं?" असे त्याने एकदा विचारले. मी फोटो धुण्यासाठी असे म्हटल्यावर त्याने माझ्याकडे जरा जपूनच पाहिले. डिस्टिल्ड वॉटर मात्र चैन म्हणून आणत नाही. आमच्या बोअरचे पाणी खारे आहे, आणि ब्लीचच्या पाण्यात क्लोराइड असेल तर विरघळायची ती चांदी सिल्व्हर क्लोराइड होऊन फिल्ममध्येच बसते. पुढे तीही काळी पडते आणि पांढऱ्या भागावर मळकट झाक येते. परीक्षानळीत मुलांना जो साका दिसल्यावर मी "बरोबर" म्हणते, तोच फिल्मवर दिसला की रोल वाया गेलेला असतो. परमँगनेट आणि आम्ल यांची द्रावणे वेगवेगळ्या बाटल्यांत ठेवते, कारण मिसळल्यावर ती टिकत नाहीत, आणि मिसळताना हातमोजे व चष्मा घालून, पाण्यात आम्ल, आम्लात पाणी नाही, हे वर्गात शंभरदा सांगितलेले वाक्य स्वतःलाही ऐकवते.

सोलापुरात हे काम बारमाही करता येत नाही.

आम्लाच्या संगतीने परमँगनेट फिल्मवरचा जिलेटिनचा थर मऊ करते. पाणी २० अंशांच्या आसपास असेल तर तो थर तग धरतो. गरम पाण्यात तो फुगतो, सुरकुततो आणि कडेने साल निघावी तसा सुटून येतो. मे महिन्यात इथे पारा ४२-४३ अंशांवर असतो, गच्चीवरच्या टाकीतून सकाळी सातला येणारे पाणीसुद्धा हाताला चटका देते, आणि घमेल्यात बर्फाच्या लाद्या टाकून तापमान राखायचे म्हटले तर एकच बाटली थंड राहते, बाकीच्या पाच तापतात. म्हणून उन्हाळ्यात मी फक्त फोटो काढते, रोल फ्रीजमध्ये ठेवते आणि मार्गशीर्षाची वाट पाहते. डिसेंबर-जानेवारीतल्या रात्री ओसरीवरच्या रांजणातले पाणी आपसूक हवे तेवढे गार असते. त्यात पुन्हा नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येते, तेव्हा धुण्याचा दिवस माझ्या सवडीने ठरत नाही, पाण्याच्या दिवसाने ठरतो. त्या दिवशी घरातली पिंपे, बादल्या, कळशा भरून झाल्या की सासूबाई स्वतःच म्हणतात, "आता तुझं ते जांभळं घे उरकून," आणि न्हाणीघर माझ्या ताब्यात येते. फिल्म शेवटी बराच वेळ धुवावी लागते. मी वाहते पाणी न वापरता फिल्म धुण्याच्या छोट्या टाकीत पाणी भरून, हलवून, ओतून, पुन्हा भरून धुते आणि ते पाणी वेगळ्या बादलीत काढते. कुंड्यांना ते घालत नाही, रसायन ते रसायनच.

ब्लीचनंतर फिल्म तपकिरी डागांनी भरलेली असते. सोडियम मेटाबायसल्फाइटच्या पाण्यात ते डाग पाहता पाहता जातात, आणि गंधकाचा उग्र वास नाकात झणझणतो. इथपर्यंतचे सगळे बंद टाकीत, अंधारात. इथून पुढे मात्र झाकण उघडायचे आणि दिवा लावायचा. निगेटिव्हच्या कामात असे कधीच होत नाही. तिथे फिल्म हायपोतून निघेपर्यंत आपण आंधळेच. इथे रीळवरून थोडी सैल केलेली फिल्म पाहिली तर ती दुधी, फिकट पिवळसर दिसते आणि त्या दुधाळपणात, नीट तिरके धरले तर, चित्र आधीच बसलेले असते: उजेड जिथे पडला होता तिथे आता आरपार, जिथे अंधार होता तिथे सायीसारखा थर. बल्बखाली दोन्ही बाजूंनी मिनिट-दोन मिनिटे उजेड दाखवायचा, म्हणजे त्या उरलेल्या थराला पहिल्यांदाच प्रकाश लागतो. मग उघड्या पातेल्यात दुसरा डेव्हलपर. त्यात फिल्म सोडली की काही क्षण काही होत नाही, आणि मग सगळ्या चौकटी एकदम भरू लागतात: आधी केस, मग दाराआडची सावली, मग साडीवरची बारीक नक्षी. एवढा भाग पाहायला घरातले सगळे न्हाणीघराच्या दारात गर्दी करतात. माझी मुलगी आता अशा गोष्टींना नवल म्हणत नाही, पण तीही येते.

सोलापुरी चादर ज्याने उलटून पाहिली आहे त्याला हे चटकन कळेल. एका बाजूला तांबड्या जमिनीवर पांढरे फूल असते, दुसऱ्या बाजूला पांढऱ्या जमिनीवर तेच फूल तांबडे. सूत तेच, वीण तीच, वर कोण आणि खाली कोण एवढाच फरक. फिल्मवरही सरळ आणि उलटे चित्र एकाच वेळी, एकाच थरात असते. फक्त चादरीच्या दोन्ही बाजू टिकतात. इथे एक बाजू जांभळ्या पाण्याबरोबर मोरीत जाते, आणि मोरीत जाते ती नेमकी उजेडाने घडवलेली बाजू. प्रकाशाने जे केले ते सगळे आपण धुऊन टाकतो. भिंतीवर पाहतो ते, प्रकाशाने ज्याला हात लावला नाही त्याचे चित्र असते. मॅडमच्या चष्म्यावरचा तो लखलखीत ठिपका म्हणजे फिल्मवरचे निव्वळ पारदर्शक भोक आहे. हे मला रसायनशास्त्र म्हणून कितीही सरळ वाटत असले तरी दर वेळी थोडे चक्रावून जायला होते.

हा उद्योग काही नवा नाही. ल्युमिएर बंधूंच्या १९०७ सालच्या ऑटोक्रोम काचा, ज्यांत बटाट्याच्या पिठाचे रंगवलेले कण असत, त्या मुळात काळ्या-पांढऱ्याच होत्या आणि याच पद्धतीने, आम्लमिश्रित परमँगनेटने उलटवल्या जात. १९२३ मध्ये कोडॅकने हौशी लोकांसाठी १६ मिलिमीटरची सिनेफिल्म आणली तीही अशीच, निगेटिव्हशिवाय थेट पडद्यावर दाखवण्याची. निगेटिव्ह आणि तिची प्रत असा दुहेरी खर्च घरच्या माणसाला परवडणार नव्हता. पुढे आग्फाने 'स्काला' नावाची खास फिल्म काढली, पण ती ठरावीक प्रयोगशाळांतच धुऊन मिळे, आणि २००५ मध्ये आग्फाफोटो दिवाळखोरीत गेली. आपल्याकडे उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची 'इंदू' फिल्म स्टुडिओ-स्टुडिओत असे. तो कारखानाही बंद पडला. मी आता चेक प्रजासत्ताकातल्या ह्रादेत्स क्रालोवे या गावची 'फोमापान आर १००' वापरते. तिचा पाया काचेसारखा स्वच्छ असतो. साध्या निगेटिव्ह फिल्मचा पाया करडा असतो, आणि तिच्यापासूनही स्लाइड होते, पण पांढऱ्याला तो करडेपणा चिकटून राहतो. फोमाच्या या फिल्ममध्ये प्रकाश पसरू नये म्हणून जो थर आहे तोही चांदीचाच आहे आणि ब्लीचमध्येच तो जातो, त्यामुळे कुणी तिला चुकून निगेटिव्ह म्हणून धुतले तर हाती काळी पट्टी येते. किंमत सांगत नाही. घरात हा लेख वाचला जातो.

फोटो काढतानाची शिस्त मात्र प्रयोगशाळेपेक्षा कठीण आहे. निगेटिव्हला दोन-तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा उजेड) जास्तीचा उजेड झाला तरी प्रिंट काढताना सावरता येते. स्लाइडला अर्धा स्टॉपही कळतो, आणि पांढऱ्यातला तपशील एकदा गेला की परत आणायला मागे काहीच नसते. म्हणून मोजायचे ते पांढऱ्याचे, आणि सावल्यांना सोडून द्यायचे. हे मला सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेने शिकवले. अक्षता सोहळ्याला संमती कट्ट्याभोवती जिकडे पाहावे तिकडे पांढऱ्या बाराबंदीतली माणसे, त्यांच्यातून डोलत येणारे सात नंदीध्वज, जानेवारीचे तिरपे ऊन, आणि "सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम" म्हणताच एकाच वेळी हवेत उडणाऱ्या तांदळाच्या अक्षता. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर एवढे पांढरे पाहून गोंधळतो आणि त्याला करडे करायला निघतो. मी आता हातातला मीटर उन्हात, माणसांच्या बाजूला धरून मोजते आणि बाराबंदीची घडी दिसेल एवढाच उजेड घेते. मग चेहरे गडद येतात, मंदिराकडची झाडे जवळजवळ काळी होतात, तलावाचे पाणी शिशासारखे जड दिसते. काहींना हे आवडत नाही. "माणसं काळी आलीत," असे आमच्या शेजारच्या काकूंनी तोंडावर सांगितले आहे. पण त्या उन्हात उभे राहून डोळे किलकिले केले की मला यात्रा तशीच दिसते, आणि सावलीत उजेड ओतून सगळ्यांना सारखे गोरेगोमटे करणारा मोबाइलचा फोटो मला खोटा नाही तरी भाबडा वाटतो.

आणि मग कॉपी. स्लाइडची दुसरी प्रत हवी असेल तर खरा मार्ग एकच: दुसऱ्यांदा बटण दाबायचे. मी ज्यांना फोटो देणार असते त्यांचे एकामागून एक दोन घेते, एक त्यांना आणि एक मला. दोन्ही कधीच सारखे येत नाहीत. तेवढ्या वेळात माणूस श्वास सोडतो, पापणी लवते, पदर सरकतो, कुणीतरी दारातून हाक मारते. मॅडमना मी आठवड्याभराने दुसरी स्लाइड नेऊन दिली. तिच्यात त्या उत्तरपत्रिकेतले काहीतरी वाचून ओठ दाबून हसत आहेत. त्यांनी ती खिडकीशी धरली आणि म्हणाल्या, "हा वेगळाच आहे की." मी हो म्हटले. 'मग काढलास कशाला' याला ते उत्तर होते की नाही, कोण जाणे. हजार ठिकाणी एकाच वेळी असू शकणारे चित्र माझ्याही फोनमध्ये भरपूर आहे आणि त्याची सोय मी नाकारत नाही. पण ते कुठे ठेवले आहे याची मला कधी आठवण ठेवावी लागत नाही, आणि स्लाइडच्या डबीची लागते. कपाट बदलले तरी ती डबी कुठल्या खणात आहे हे मला झोपेतही सांगता येईल.

गेल्या हिवाळ्यात शहराच्या पूर्व भागात, तेलुगू विणकरांच्या वस्तीतल्या एका चादरीच्या कारखान्यात मी रोल संपवला. घराच्या मागेच माग, पत्र्याचे छप्पर, वर नक्षी ठरवणाऱ्या जकार्डच्या भोके पाडलेल्या कार्डांची माळ, आणि बोललेले ऐकू येणार नाही असा खडखडाट. शंभर आयएसओची मंद फिल्म, ट्यूबलाइटचा उजेड आणि पत्र्याच्या एका फटीतून येणारा उन्हाचा पट्टा एवढेच हाताशी होते. शटर सेकंदाच्या पंधराव्या भागावर ठेवून, खांबाला टेकून, श्वास धरून फोटो घेतले. सगळ्यांच्या केसांवर, भुवयांवर कापसाची बारीक लव होती आणि ती उन्हाच्या पट्ट्यात चमकत होती. धुऊन झाल्यावर प्रोजेक्टर स्कूटीवर पुढे ठेवून तिकडे गेले. माग बंद असण्याचा दिवस होता. कांड्या भरणाऱ्या बायका, शेजारची मुले, मालकांचे म्हातारे वडील, ज्यांना सगळे मामा म्हणतात, असे बरेच जण चुना दिलेल्या भिंतीपुढे बसले. पहिल्या चित्राला मुले ओरडली, दुसऱ्याला बायका एकमेकींना ढोसू लागल्या. तिसऱ्या चित्रात माग अख्खा आला होता, विणून होत असलेली चादर आणि तिच्यावर वाकलेला माणूस, उन्हाच्या उलट बाजूने, चेहरा सावलीत. मामा उठले, भिंतीजवळ गेले आणि त्यांच्या सावलीने निम्मा माग झाकला. त्यांनी चादरीवर बोट ठेवले.

"इथं तार तुटलीय. ही बघा, इथपासून खाली सगळी रेघ आहे."

मी लेन्स फिरवून जरा नीट केली. खरेच, पांढऱ्या फुलाच्या मधून केसाएवढी एक गडद रेघ खालपर्यंत गेली होती. फिल्म धुताना, वाळवताना, फ्रेमला लावताना मी ते चित्र कितीदा तरी पाहिले होते आणि ती नक्षीचाच भाग समजले होते. मामांनी मागे वळून मुलाला तेलुगूत काहीतरी विचारले. मुलगा तेलुगूतच उत्तरला, मग माझ्याकडे पाहून मराठीत म्हणाला, "तो पीस सेकंडच्या मालात गेला असणार मॅडम, पण त्या दिवशी मागावर मी नव्हतो." मामांनी पुन्हा भिंतीकडे पाहिले, सावली बाजूला करून दोन पावले सरकले आणि त्या वाकलेल्या माणसाच्या खांद्यावर बोट टेकवून म्हणाले, "मग हा कोण उभा आहे?"